दूर ठेवलेली टपालपेटी कशी हाताळावी

शाळा, ग्रामपंचायती व शासकीय कार्यालये यांतून ई-मेलचा वापर आता सर्वत्र रूढ झाला आहे. परिपत्रके, परीक्षांची वेळापत्रके, अनुदानाची मंजुरीपत्रे, निविदांविषयीचा पत्रव्यवहार हे सारे याच मार्गाने येते. असे असूनही आलेले पत्र प्रत्यक्षात कोठे असते, या साध्या प्रश्नाचे उत्तर अनेकांस देता येत नाही. कोणी म्हणतो ते आपल्या संगणकात असते, तर कोणी म्हणतो मोबाइलमध्ये असते. वस्तुतः बहुतेक वेळा ते या दोहोंतही नसते. ते शेकडो किलोमीटर दूर असलेल्या सर्व्हर नावाच्या संगणकावर ठेवलेले असते आणि आपल्या पडद्यावर त्याचे केवळ दर्शन घडते. त्यामुळे कार्यालयातील संगणक बिघडला तरी पत्र शाबूत राहते, आणि दुसऱ्या कोणी ते दुरून पुसले तर आपला संगणक उत्तम स्थितीत असूनही ते नाहीसे होते.

प्रस्तुत लेखात अशी दूरस्थ पेटी उघडण्याची, तिच्यातील पत्रे वाचण्याची व त्यांची प्रत आपल्याजवळ आणून ठेवण्याची जी अक्षरी साधने आहेत, त्यांचा परिचय करून द्यावयाचा आहे. अक्षरी साधने म्हणजे ज्यांत चित्रे व बटणे नसतात. टर्मिनलच्या साध्या पडद्यावर कळफलकाने आज्ञा द्यावयाची असते. ही साधने जुनी आहेत हे खरे. परंतु ती विनामूल्य आहेत, जुन्या संगणकावर चालतात, मंद जोडणीवर तग धरतात, आणि मुख्य म्हणजे ती काय करीत आहेत हे वापरणाऱ्यास दिसते.

पेटी दूर का ठेवली गेली

१९७१ मध्ये अमेरिकेतील रे टॉमलिन्सन यांनी आर्पानेट या जाळ्यावरून एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिले पत्र पाठविले आणि पत्त्यात व्यक्ती व संगणक यांच्यामध्ये 'ॲट'चे चिन्ह घालण्याची पद्धत पाडली. त्या काळी पत्र वाचणारा मनुष्य त्याच मोठ्या संगणकाला जोडलेल्या टर्मिनलवर बसे. सबब पत्र कोठे ठेवावे हा प्रश्नच नव्हता. पुढे टेबलावर मावणारे छोटे संगणक आले. ते रात्री बंद असत, त्यामुळे पत्र आले तरी ते घेण्यास कोणी जागे नसे. यावर १९८४ मध्ये पॉप नावाची संवादपद्धती निघाली. सर्व्हरने पत्रे सांभाळावीत; छोट्या संगणकाने सवडीने येऊन ती उचलून न्यावीत, आणि नेल्यावर सर्व्हरवरून ती सहसा पुसली जावीत, अशी ती व्यवस्था होती. आपल्याकडील पोस्ट रेस्तांतेच्या पत्रांसारखीच ती होय.

एक मनुष्य व एक संगणक असेल तेथे पॉप पुरेशी आहे. परंतु एखाद्या शाळेच्या एकाच पत्त्यावरील टपाल मुख्याध्यापकांच्या खोलीत, लिपिकाच्या टेबलावर व संगणक कक्षात असे तीन ठिकाणी पाहिले जाऊ लागले, की निम्मी पत्रे एका संगणकावर व निम्मी दुसऱ्यावर अशी गत होते. लिपिकाची बदली झाली आणि त्याचा संगणक निर्लेखित झाला की त्यावरील पत्रेही गेली.

मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना जी पद्धती आखली, तिचे नाव आयमॅप. तिची कल्पना पॉपच्या उलट आहे. पत्रे सर्व्हरवरच राहावीत. वाचलेले, न वाचलेले, उत्तर दिलेले या खुणाही तेथेच राहाव्यात. वाचणाऱ्याने हवे तेवढेच मागावे. क्रिस्पिन पुढे सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात गेले व अखेरपर्यंत याच कामाशी निगडित राहिले. २०१२ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. या पद्धतीची चौथी आवृत्ती १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. २००३ चा तिचा सुधारित मसुदा जगभर रुळला, आणि २०२१ मध्ये त्याचीही नवी आवृत्ती निघाली.

आपल्या देशातील पहिल्या पिढीच्या इंटरनेट-वापरकर्त्यांस हे अक्षरी जग परिचित आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा स्वस्तातले जे 'शेल' खाते मिळे, त्यात टेलिफोनवरून जोडणी करून काळ्या पडद्यावरच पत्रे वाचावी लागत. वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेली 'पाइन' ही आज्ञावली त्या काळच्या अनेक विद्यार्थ्यांनी हाताळली आहे.

मागणी व उत्तर

आयमॅपचा संवाद समजून घेण्यास कार्यालयीन कामकाज ठाऊक असणाऱ्यास मुळीच अडचण पडू नये. आपली आज्ञावली सर्व्हरला जी मागणी पाठविते, तिच्या आरंभी एक क्रमांक असतो, समजा, 'अ-१'. हा जणू जावक क्रमांकच. सर्व्हर काम पुरे करून उत्तर देतो, तेव्हा त्यावर तोच 'अ-१' लिहिलेला असतो, म्हणजे हे कोणत्या पत्राचे उत्तर आहे याविषयी संशय राहत नाही. मध्येच सर्व्हरला स्वतःहून काही कळवावयाचे असेल, उदाहरणार्थ नवे पत्र आले, तर तो ओळीच्या आरंभी क्रमांकाऐवजी तारकाचिन्ह घालतो.

प्रथम 'लॉगिन' अथवा तत्सम मागणीने ओळख पटवावयाची. मग 'सिलेक्ट' या मागणीने एक कप्पा उघडावयाचा. त्याच्या उत्तरात कप्प्यात किती पत्रे आहेत ते येते. त्यानंतर 'फेच' या मागणीने पत्रे मागवावयाची. या 'फेच'मध्येच आयमॅपचे सारे मर्म आहे, कारण काय मागवावयाचे ते येथे नेमके सांगता येते: केवळ पाठविणाऱ्याचे नाव, विषय व दिनांक, किंवा पत्राची बांधणी, म्हणजे त्याला किती सहपत्रे आहेत व ती केवढी आहेत, किंवा केवळ मजकूर, किंवा केवळ दुसरे सहपत्र.

मंद जोडणीच्या गावी हा फरक किती मोठा ठरतो ते हिशेबाने पाहू. पेटीत दोनशे पत्रे आहेत व त्यांतील दहा पत्रांस प्रत्येकी पाच मेगाबाइटचे सहपत्र आहे असे समजा. ई-मेलमध्ये सहपत्र रोमन अक्षरांत रूपांतरित होऊन प्रवास करते. तीन बाइटांची चार होतात. म्हणजे पन्नास मेगाबाइटांची सुमारे सदुसष्ट झाली. सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने ती आणावयास सुमारे नऊ मिनिटे लागतील, आणि मध्येच पावसाने जोडणी तुटली तर अर्धवट राहिलेले पत्र पुन्हा पहिल्यापासून मागवावे लागण्याचा संभव आहे. याउलट दोनशे पत्रांची नावे, विषय व दिनांक एवढेच मागविले आणि प्रत्येकी एक किलोबाइट धरले, तर ते दोन सेकंदांत येते.

प्रत्येक पत्रास दोन क्रमांक असतात हेही ध्यानात घ्यावे. एक कप्प्यातील स्थान दाखविणारा; तो मधले पत्र गेले की बदलतो. दुसरा कायमचा, आवक नोंदवहीतील क्रमांकासारखा. तो त्या कप्प्यात पुन्हा कोणास दिला जात नाही. आपली आज्ञावली एकदा आणलेली माहिती जपून ठेवते व पुढच्या वेळी या कायम क्रमांकावरून केवळ नवीन पत्रांचीच चौकशी करते. सर्व्हरवरील नोंदवहीच नव्याने सुरू झाली, तर सर्व्हर तसे दर्शविणारा वेगळा आकडा देतो आणि मग जवळची जपलेली माहिती टाकून द्यावी लागते. एखाद्या सकाळी आज्ञावली सर्व पत्रे नव्याने आणू लागली तर घाबरून जाऊ नये; सर्व्हर बदलल्याचे ते लक्षण असू शकते.

दोन वाचक-आज्ञावल्या

पाइनची आजची वंशज म्हणजे 'अल्पाइन'. ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात पडद्याच्या तळाशी दोन ओळींत कोणती कळ दाबली असता काय होईल ते सतत लिहिलेले असते. पाठांतराची गरज पडत नाही. पाइन व क्रिस्पिन यांचे घर एकच असल्यामुळे आयमॅपचा तिने केलेला उपयोगही अधिक सूक्ष्म आहे. पत्र उघडले तरी ती सहपत्र आणीत नाही. आपण ते मागू तेव्हाच आणते.

दुसरी 'मट'. मायकेल एल्किन्स यांनी १९९५ मध्ये ती लिहिली. हजारो पत्रांतून नेमके पत्र हुडकणे, विशिष्ट पाठविणाऱ्याची सर्व पत्रे एका आज्ञेने निवडून दुसऱ्या कप्प्यात हलविणे, अशा कामांत तिचा हात धरणारे कोणी नाही. तथापि, मटमध्ये पत्र उघडले की ते सहपत्रांसह सगळेच्या सगळे आणले जाते. यादीत प्रत्येक पत्राचा आकार दिसतो, तो पाहूनच एंटरची कळ दाबावी. तिच्या रचनाफाइलीत शिरोभाग साठविण्याची सोय आहे. ती चालू न केल्यास मोठा कप्पा उघडताना दर वेळी ताटकळावे लागते.

नवशिक्याने अल्पाइनपासून आरंभ करावा असे आमचे मत आहे. मटचा लौकिक ऐकून तिच्या पाचशे ओळींच्या रचनाफाइली कोणाकडून तरी उतरवून घेण्याची एक रीत आहे, ती हितावह नाही. आपण न लिहिलेली ओळ आपल्या टपालाचे काय करील हे आपणांस सांगता येत नाही. आरंभी सर्व्हरचे नाव, खात्याचे नाव व कप्प्यांचे स्थान एवढ्या चार ओळी पुरेत.

सामायिक पेटी असलेल्या कार्यालयांसाठी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. वाचल्याची खूण सर्व्हरवर असते. एकाने पत्र उघडले की ते सर्वांच्या पडद्यांवर वाचलेले म्हणून दिसू लागते, आणि ज्याने कार्यवाही करावयाची तो ते झालेच असे समजून पुढे जातो. मुदतीची पत्रे अशीच हुकतात. केवळ नजर टाकली असेल तर ते पुन्हा न वाचलेले म्हणून ठेवावे. मटमध्ये त्यासाठी मोठ्या लिपीतील 'एन' ही कळ आहे. कार्यवाही बाकी असल्याची वेगळी खूण करावयाची असल्यास मोठी 'एफ' आहे. ही खूणही सर्व्हरवर उमटते व सर्वांना दिसते.

पुसण्याच्या दोन पायऱ्या

आयमॅपमध्ये पत्र पुसणे दोन टप्प्यांनी होते. प्रथम पत्रावर 'पुसावयाचे' अशी खूण केली जाते; पत्र तेथेच असते व खूण काढता येते. नंतर 'एक्स्पंज' नावाची मागणी गेली की खूण केलेली सारी पत्रे कायमची जातात. अल्पाइन व मट या दोन्ही आज्ञावल्या हे टप्पे लपवीत नाहीत. 'डी' ही कळ केवळ खूण करते. बाहेर पडताना इतकी पत्रे काढून टाकावी काय, असे विचारले जाते. या प्रश्नास घाईने 'होय' म्हणण्याची सवय लागू देऊ नये. विचारलेली संख्या वाचावी. तीन पत्रांवर खूण केली असता संख्या चाळीस दिसली, तर दुसऱ्या कोणी तरी त्याच पेटीत खुणा केल्या आहेत, कारण 'एक्स्पंज' कोणी खूण केली ते पाहत नाही.

जीमेलची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे मुळात कप्पे नसून चिठ्ठ्या आहेत, आणि त्या चिठ्ठ्या आयमॅपवर कप्प्यांसारख्या दिसतात. एकच पत्र आवक कप्प्यात, 'अनुदान' या चिठ्ठीखाली व सर्व पत्रांच्या कप्प्यात असे तीनदा दिसू शकते. प्रत काढताना ते तीनदा उतरते, एवढे लक्षात असावे.

पाठविणे हे वेगळे काम

आयमॅप ही पेटी पाहण्याची पद्धती आहे. पत्र पाठविण्याची नव्हे. पाठविण्यासाठी एसएमटीपी ही १९८२ पासूनची स्वतंत्र पद्धती आहे. तिचा सर्व्हरही पुष्कळदा वेगळ्या नावाचा असतो. मटसारख्या आज्ञावलीत दोहोंची माहिती निरनिराळी द्यावी लागते. आपण पाठविलेल्या पत्राची स्थळप्रत पेटीतील 'पाठविलेले' या कप्प्यात आपोआप जाईलच असे नाही. काही सर्व्हर ती स्वतः ठेवतात, काही ठेवीत नाहीत. तेव्हा आज्ञावलीस तसे सांगावे लागते, आणि मग ती आयमॅपने प्रत त्या कप्प्यात नेऊन टाकते. नवी व्यवस्था लावल्यावर स्वतःसच एक पत्र पाठवून ते दोन्ही कप्प्यांत पाहावे. स्थळप्रत दोनदा दिसली तर आपल्या बाजूची आज्ञा काढून टाकावी.

परवलीचा शब्द व मार्ग

दूरच्या पेटीशी होणारा संवाद उघड्यावर चालू नये, यासाठी गूढलेखन केलेल्या मार्गानेच जोडणी करावी. आयमॅपसाठी त्याचे द्वार ९९३ क्रमांकाचे आहे. १४३ या जुन्या द्वाराने संवाद उघडा सुरू होऊन मग गूढ होतो; पर्याय असेल तर ९९३ च निवडावे.

परवलीचा शब्द आज्ञेच्या ओळीतच टंकलिखित करू नये. टर्मिनल मागील आज्ञा लक्षात ठेवते, आणि सामायिक संगणकावर चालू असलेल्या आज्ञांची यादी इतरांनाही पाहता येते. रचनाफाइलीतही तो थेट न लिहिता, गूढ करून ठेवलेल्या जागेतून तो आणणारी आज्ञा लिहावी. तशी सोय बहुतेक साधनांत आहे. मोठ्या सेवांकडे आता नुसता परवलीचा शब्द चालतही नाही. गूगलने मे २०२२ अखेर वैयक्तिक खात्यांसाठी व मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या व्यावसायिक सेवेत जुनी पद्धत बंद करण्यास आरंभ केला. गूगलच्या खात्यात द्विस्तरीय पडताळणी चालू करून एका साधनापुरता वेगळा सोळा अक्षरी परवलीचा शब्द मिळविता येतो. अल्पाइन व मट यांस तो पुरतो. मायक्रोसॉफ्टच्या सेवेस मात्र 'ओऑथ' ही परवाना-चिठ्ठीची पद्धत लागते. ती अल्पाइनच्या अलीकडच्या आवृत्त्यांत अंतर्भूत आहे, तर मटला त्यासाठी बाहेरच्या एका आज्ञेची मदत घ्यावी लागते.

देवनागरी अक्षरांविषयी

ई-मेलचे मूळ नियम रोमन अक्षरांसाठी आखले गेले. म्हणून मराठी विषय वेष बदलून प्रवास करतो. 'शाळा' हा शब्द संगणकाच्या हिशेबाने चार चिन्हांचा. युनिकोडच्या रूढ पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे बारा. प्रवासासाठी त्यांची सोळा रोमन अक्षरे होतात. वाचक-आज्ञावली त्यांचे पुन्हा 'शाळा' करते, परंतु टर्मिनलची भाषा-मांडणी युनिकोडची असेल तरच. प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर दोष पत्राचा नसून बहुधा या मांडणीचा असतो. वेलांट्या व जोडाक्षरे विस्कटलेली दिसणे हा तिसराच प्रकार. अनेक टर्मिनलांस देवनागरी नीट जुळविता येत नाही. भारतीय लिप्यांची सोय असलेले 'एमएलटर्म' यासारखे टर्मिनल वापरून पाहावे. पत्र मात्र मुळात शुद्धच असते. शिवाजी, श्री-लिपी यांसारख्या जुन्या अक्षरसंचांत लिहिलेली पत्रे तेवढी निरर्थक रोमन अक्षरांसारखी दिसतील. ती परिवर्तकातून न्यावी लागतात. कप्प्यांना मराठी नावे दिल्यास तीही सर्व्हरवर अशाच बदललेल्या वेषात राहतात, आणि प्रत काढताना डिस्कवर ती त्याच अनाकलनीय रूपात उतरू शकतात. प्रत काढावयाची असेल तर कप्प्यांची नावे रोमनमध्ये ठेवणे सोयीचे.

जवळची प्रत

आता ज्यासाठी हा सारा प्रपंच, त्या प्रतीकडे वळू. पत्रे दूर असणे सोयीचे आहे, पण ती फक्त दूरच असणे धोक्याचे आहे. गूगलच्या २०२३ मध्ये जाहीर झालेल्या धोरणानुसार दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते त्यातील पत्रांसह काढून टाकले जाऊ शकते, आणि डिसेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. अनेक लहान शाळा व संस्था अशा वैयक्तिक खात्यांवरच आपला पत्रव्यवहार करतात. पदाधिकारी बदलले, नवा पत्ता काढला, जुना विसरला गेला, की दोन वर्षे सहज सरतात.

या कामी 'फेचमेल' हे १९९६ पासूनचे साधन पुष्कळ ठिकाणी सुचविले जाते. त्याच्याविषयी सावध राहावे. त्यास वेगळे सांगितले नाही, तर ते पत्र आणल्यावर सर्व्हरवरचे पत्र पुसते. 'कीप', म्हणजे ठेव, हा शब्द लिहिण्यास विसरल्यास आयमॅपचे पॉप होऊन बसते.

अधिक योग्य साधन 'एमबीसिंक' हे होय. 'आयसिंक' या नावाच्या संचातून ते लिनक्सवर सहज बसविता येते. त्याच्या रचनाफाइलीत सर्व्हरवरील पेटीस 'फार', म्हणजे दूर, व आपल्या डिस्कवरील पेटीस 'निअर', म्हणजे जवळ, अशीच नावे आहेत. जवळची पेटी 'मेलडिर' या पद्धतीने ठेवली जाते. प्रत्येक पत्र ही एक स्वतंत्र फाइल, आणि वाचल्याची खूण फाइलीच्या नावाच्या शेवटी एका अक्षराने. उद्या एमबीसिंक उपलब्ध नसले तरी या फाइली कोणत्याही साध्या संपादकात उघडता येतात.

एमबीसिंक दोन्ही पेट्या सारख्या करते. आता, सारख्या करणे म्हणजे प्रत ठेवणे नव्हे. दोन्ही बाजूंनी बदल नेण्यास व दोन्ही बाजूंची पत्रे पुसण्यास परवानगी दिली, तर कोणी मोबाइलवरून एक कप्पा रिकामा केला की पुढच्या फेरीत जवळचा कप्पाही रिकामा होईल. अभिलेखासाठी प्रत हवी असल्यास दिशा एकच ठेवावी, दुरून जवळ. आणि तीही नव्या पत्रांपुरती. रचनाफाइलीत 'सिंक' या शब्दापुढे 'पुल' व 'न्यू' लिहिल्याने हे साधते. 'एक्स्पंज'पुढे 'नन' असावे. काही न लिहिल्यास तेच गृहीत धरले जाते. जवळच्या बाजूस नवे कप्पे निर्माण करण्याची परवानगी मात्र द्यावी, नाही तर सर्व्हरवर पुढे काढलेले कप्पे प्रतीत येणारच नाहीत. पहिली फेरी मोठी असते, म्हणून ती रात्री लावावी. मध्ये जोडणी तुटल्यास आज्ञा पुन्हा द्यावी, झालेले काम वाया जात नाही. नंतरच्या फेऱ्या नव्या पत्रांपुरत्याच असल्यामुळे अल्पावधीत आटोपतात.

प्रत निघाली म्हणजे ती तपासावी. संगणकाची इंटरनेट-जोडणी काढून ठेवावी आणि मटला सर्व्हरऐवजी डिस्कवरील कप्पा उघडण्यास सांगावे. मागील वर्षीचे सहपत्र असलेले एक पत्र, एक मराठी विषयाचे पत्र व पाठविलेल्या पत्रांपैकी एक, अशी तीन पत्रे उघडून पाहावीत. सहपत्र डिस्कवर उतरवून ते पूर्ण उघडते की नाही हे पाहावे, आणि प्रत्येक कप्प्यातील पत्रांची संख्या सर्व्हरवर आधी टिपून ठेवलेल्या संख्येशी ताडून पाहावी. संख्या जुळल्यावर प्रतीची आणखी एक प्रत बाह्य डिस्कवर काढून ती कपाटात, खात्याचे नाव व दिनांक लिहून, ठेवावी.